दोन जावा छाप

प्रतिज्ञापत्र पाच पानांचं होतं आणि प्रेमिलाबाईंना त्यातल्या शेवटच्या पानावर फक्त सही करायची होती. तेवढ्यासाठी नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सकाळीच सगळे जमले होते. मुलगा धर्मेंद्र कारखान्यात न जाता घरी थांबला होता. सुनेनं, उन्नतीनं, पोह्यांवर तर्री वाढून बशा पुढे ठेवल्या होत्या. ताराचंदराव खिडकीपाशी पेपर उघडून बसले होते, पण बराच वेळ त्यांनी पान काही उलटलं नव्हतं.

वकील काजल हटवार वयानं उन्नतीएवढीच असेल. तिनं पोह्यांची बशी बाजूला सरकवली आणि कागद हातात घेतले.

"मावशी, सही करण्याआधी मी सगळं वाचून दाखवते," ती म्हणाली. "उद्या कोर्टात कुणी उलटसुलट विचारलं, तर हे शब्द तुम्हाला तुमचेच वाटले पाहिजेत."

पहिले तीन परिच्छेद सुरळीत गेले. नाव, वय, पत्ता, लग्नाचं साल. चौथा परिच्छेद काजलनं जरा सावकाश वाचला. 'सन १९९१ पासून "दोन जावा" हे नाव व त्यासोबतचे चित्र माझे पती श्री. ताराचंद ठवकर यांनी माझ्या मदतीने वापरले असून, त्या नावाच्या निर्मितीत वा वापरात अन्य कोणाही व्यक्तीचा कधीही सहभाग नव्हता.'

प्रेमिलाबाईंनी तिला थांबवलं. "म्हणजे मी आन् हे. आमी दोघंच. असंच ना?"

"हो. असंच."

"पण नाव तं दोन जावा आहे. मंग दुसरी जाऊ कोण?"

धर्मेंद्रनं मोबाइल उपडा करून ठेवला. ताराचंदरावांचा पेपर किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला.

दुसरी जाऊ कोण, हे त्या खोलीत काजल सोडून सगळ्यांना माहीत होतं आणि काजललाही अंदाज होताच. ताराचंदरावांचा धाकटा भाऊ बाबाराव. त्याची बायको सिंधू. चौतीस वर्षांपूर्वी भिवापूरच्या घरात, मिरचीचा भाव पडला त्या साली, दोघी जावांनी घरची मिरची विकण्याऐवजी कुटून विकायला घेतली होती. एका उखळात दोन मुसळं, एकीचं वर तर दुसरीचं खाली. पुढं त्याची गिरणी झाली, गिरणीचा कारखाना झाला. २००९ मध्ये भाऊ वेगळे झाले. शेत बाबारावांकडे गेलं, कारखाना ताराचंदरावांकडे आला. वाटणीपत्रात विहिरीच्या पाळ्या लिहिल्या होत्या, बांधावरची सागाची झाडं लिहिली होती. नावाबद्दल एक ओळ नव्हती. नाव पाच वर्षं आधीच ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं होतं, एकट्या ताराचंद ठवकरांच्या नावावर.

आणि तीन महिन्यांपूर्वी धर्मेंद्रला धरमपेठेतल्या एका बाईंची तक्रार आली. मागचं पाकीट फार छान होतं, या वेळचं तसं नाही, तुम्ही भेसळ सुरू केली का, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत दोन्ही पाकिटांचे फोटो. छान असलेलं पाकीट धर्मेंद्रचं नव्हतंच. त्यावर नाव तेच होतं, चित्र जुनं होतं आणि पत्ता भिवापूरचा होता. बाबारावांच्या मुलानं, अंकितनं, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून आईच्या तिखटाचा धंदा ऑनलाइन नेला होता. मग काजलच्या कार्यालयातून भिवापूरला नोटीस गेली.

धर्मेंद्र वाईट माणूस नव्हता, हे प्रेमिलाबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार. विशीत असताना तो स्कूटरला पिशव्या बांधून इतवारीतल्या दुकानांच्या पायऱ्या चढला होता. आता एक मोठी दुकानसाखळी त्याचा माल महाराष्ट्रभर ठेवायला तयार झाली होती. अट एकच. त्या नावाचा दुसरा माल बाजारात नको.

"आई, मी अंकितचं वाईट चिंतून नाही राहिलो," तो आता म्हणाला. "पण उद्या त्याच्या पाकिटात रंग निघाला, खडू निघाला, तं लोक माह्या दारात येतीन. वीस वर्षं लागली हे नाव उभं कराले. एका पाकिटानं जाते ते."

बोलणं खोटं नव्हतं. काजलनंही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. नोंदणी आपल्याकडे आहे, पण आपल्या कायद्यात आधीपासूनच्या वापराला फार वजन असतं. समोरच्या बाजूनं 'आम्हीही पहिल्या दिवसापासून होतो आणि कधी थांबलो नाही' असं सिद्ध केलं, तर नोंदणी असूनही त्यांना अडवता येत नाही. सिंधूताई वाटणीनंतरही भिवापूरच्या बाजारात जुना शिक्का मारून तिखट विकत होत्या, असं कानावर होतं. म्हणून पहिल्या दिवसाबद्दल कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. त्या दिवसाच्या साक्षीदार दोनच बायका. त्यातली एक या सोफ्यावर होती.

"ते भिवापूरचं पाकीट आहे का तुह्यापाशी?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

काजलनं पुरावा म्हणून तीन पाकिटं पावतीसह विकत घेतली होती. त्यातलं एक मोहोरबंद होतं, दोन तशीच होती. प्रेमिलाबाईंनी एक फोडलं. चिमूटभर तिखट तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला आणि जिभेच्या टोकावर ठेवलं. आधी नुसता मिरचीचा गोडसर वास पसरला. मग, बऱ्याच उशिरानं, तिखटपणा घशाशी आला आणि तिथं जळजळ न करता थांबला. असं होण्यासाठी वाळलेली मिरची फोडून तिचं अर्धं बी पाखडून काढावं लागतं. धर्मेंद्रच्या कारखान्यात हे कधीच बंद झालं होतं. एवढा वेळ कुणाला, आणि एवढी भिवापुरी मिरची तरी कुठून आणायची? बाहेरच्या मिरचीची मिसळ सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. वाईट नव्हतं ते तिखट. नियमात बसणारं, स्वच्छ तिखट होतं. फक्त हे नव्हतं.

"काय निघालं?" धर्मेंद्रनं विचारलं. "रंग आहे ना?"

"नाही. सिंधूच्या हातचं आहे."

त्यांनी पाकिटाचं तोंड दुमडलं, पेन काजलला परत दिला आणि चार दिवस मागितले. धर्मेंद्र काही बोलणार होता, पण काजलनंच कागद गोळा केले. शपथ आहे ती, घाई करून घ्यायची गोष्ट नाही, असं म्हणून तिनं गार झालेले पोहे खायला घेतले.

दुपारी जेवणं झाल्यावर ताराचंदराव स्वतःहून बोलायला बसले. ही त्यांची पद्धत नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात कामाचं ते बोलत, मनातलं तसंच राहून जाई.

नोंदणीच्या वेळची गोष्ट त्यांनी सांगितली. एजंटनं फॉर्म पुढे ठेवून विचारलं, मालक कोण? तेव्हा बाबाराव शेजारीच होता. 'तूच लिव ना गा तुह्यं नाव, एकच गोष्ट आहे,' असं म्हणून तो बाहेर पान खायला गेला होता. म्हणून एकच नाव लागलं. त्यात डाव नव्हता.

"मंग वाटणीच्या वेळी काहून नाही सांगतलं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

ताराचंदराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तवा मले समजलं होतं, नाव म्हणजे काय असते ते. त्याले नोतं समजलं. मी नाही सांगतलं."

प्रेमिलाबाईंनी त्यांना आणखी टोचलं नाही. वाटणीच्या दिवशी आपण काय केलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी उन्नतीला सांगितलं, मले भिवापूरले ने. उन्नतीनं नवऱ्यापासून लपवलं नाही. आईंना घेऊन काकूंकडे चालले आहे, असं तिनं त्याला न्याहारीच्या वेळी सांगितलं. तो ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला. गाडीत बसल्यावर उन्नती म्हणाली, "आई, पाकिटावरचं नवं चित्र नीट बघितलं का तुम्ही कधी? त्या डिझाइनवाल्यानं एकच चेहरा दोनदा वापरला आहे. दोन्हीकडे तुम्हीच आहात." प्रेमिलाबाई म्हणाल्या, पाहिलं होतं. छापून आलं त्याच दिवशी पाहिलं होतं.

उमरेड मागं पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं दिसू लागली. माघ संपत आला होता. भिवापूरच्या अलीकडेच हवेत ती नाकात चरचरणारी गोडी आली आणि उन्नतीला शिंका सुटल्या. गावाच्या टोकाला बाबारावांनी बांधलेलं सिमेंटचं घर होतं. पुढच्या मोठ्या अंगणात ताडपत्र्यांवर मिरची पसरली होती, लालभडक, उन्हात बघवणार नाही इतकी. सात-आठ बाया सावलीत बसून देठ खुडत होत्या. त्यांच्यात सिंधूताई होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. तीन वर्षांपूर्वी, बाबाराव असताना, असे नव्हते.

सिंधूताई उठल्या. हात पदराला पुसले, डोईवरून पदर घेतला आणि वाकून जावेच्या पाया पडल्या. मग आतून पाण्याचा तांब्या आणून उन्नतीच्या हाती दिला. "बसा, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

अंकित गोदामातून बाहेर आला. उंचीनं, चालण्यानं थेट बाबाराव. त्यानंही नमस्कार केला, पण आवाज कोरडा होता. "मोठी आई, जे काय आहे ते आता वकिलायच्या समोरच बोलू आपण."

"थांब गा," सिंधूताई म्हणाल्या, तसा तो भिंतीला टेकून उभा राहिला.

प्रेमिलाबाईंनी गाडीत जुळवलेली वाक्यं अंगणात पाय ठेवताच गेली. त्या बायांच्या ओळीत बसल्या, समोरचं सूप ओढलं आणि देठ खुडायला लागल्या. ऑपरेशन झालेला गुडघा दुमडत नव्हता म्हणून पाय लांब सोडून बसल्या. बोटांना जुनी सवय होती. अंगठा आणि तर्जनी, एक हलका पीळ, देठ बाजूला. जरा वेळानं सिंधूताई शेजारी येऊन बसल्या आणि त्याच सुपातली मिरची घेऊ लागल्या. बाकीच्या बाया आपोआप दुसऱ्या ताडपत्रीकडे सरकल्या.

"नोटीस आली, तवा मी अंकितले म्हतलं, सोडून देऊ हे नाव," सिंधूताई खाली बघतच म्हणाल्या. "दुसरं ठेवू, काय होते त्याले. पण एक गोष्ट मनाले लागली, बाई. तुमी फोन करून म्हतलं असतं ना, सिंधू, नाव सोड, तं मी त्याच दिवशी सोडलं असतं. वकिलाच्या कागदावर काहून सांगतलं मले?"

"मले नोतं माहीत नोटिशीचं."

"आता तं माहीत झालं."

"हो." प्रेमिलाबाईंनी हातातला देठ टाकला. "पण माह्याजवळ फोन होता, सिंधू. नोटिशीच्या आधीही होता. बाबारावभाऊजी गेले, मी आली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते खरं आहे. पण दोन महिन्यानं चालाले लागली होती मी. तवाही आली नाही. लाज वाटे. जेवढे दिवस जास्त गेले, तेवढी जास्त वाटे."

सिंधूताईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं, तेरवीपर्यंत वाट पाहिली. मग वाटलं, वर्षश्राद्धाला येतील. त्या दिवशी पंगत उठेपर्यंत एक ताट झाकून ठेवलं होतं. पुढं वाट बघणं सोडलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. प्रेमिलाबाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

"आन् वाटणीच्या दिवशी," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "तू विचारलं होतं सगळ्यायसमोर, नावाचं काय करता म्हणून. पंच हासले. म्हणे नाव काय खुंट्याले बांधाचं ढोर आहे का वाटाले. मी तवा सैपाकघरात होती."

"तुमी चहा गाळत होत्या."

"चहा गाळत होती. आयकू आलं होतं मले. बाहेर येऊन म्हणाचं होतं, का बरोबर विचारून राहिली ती. मी चहाच गाळत राहिली."

भिंतीला टेकलेला अंकित कधी आत निघून गेला, ते दोघींनाही कळलं नाही. सूप रिकामं होत आलं तशी प्रेमिलाबाईंची बोटं पेटू लागली. वर्षानुवर्षं मिरचीला हात लागला नव्हता. त्या कुणाला दिसू नये अशी बोटं पदरात चोळत होत्या, पण सिंधूताईंना दिसलं. त्या उठून आत गेल्या, वाटीत खोबरेल तेल घेऊन आल्या आणि मोठ्या जावेचा हात आपल्या मांडीवर ओढून एकेका बोटाला तेल लावू लागल्या. पेराला, नखाच्या कडेला, दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात. लग्न होऊन आलेल्या पहिल्या वर्षी प्रेमिलाबाईंनी धाकट्या जावेच्या हाताला असंच तेल लावलं होतं. तेव्हा सिंधू एकोणीस वर्षांची होती आणि आग होते म्हणून रडत होती.

"शयरात राहून हात नाजूक झाले तुमचे," सिंधूताई म्हणाल्या.

प्रेमिलाबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. हात तिखटाचे असल्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. सिंधूताईंनीच आपल्या पदराच्या टोकानं ते पुसले.

"नाव सोडू नोको, सिंधू," त्या म्हणाल्या. "ते सांगाले आली मी."

परत आल्यावर त्यांनी धर्मेंद्रला समोर बसवलं. साक्ष देईन, म्हणाल्या, कोर्ट म्हणेल तितक्या वेळा देईन, पण जे झालं तेच सांगेन. धर्मेंद्र चिडला. चिडला म्हणजे ओरडला नाही. त्यानं विचारलं, मी एवढी वर्षं राबलो ते तुला दिसलं नाही का? काकू बाजारात पिशव्या विकत होत्या, तेव्हा या नावासाठी रोज नागपूरची दुकानं पालथी कोण घालत होतं? आई म्हणून एकदा तरी माझ्या बाजूनं उभी राहायचं होतंस. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला. प्रेमिलाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यानं झटकला नाही, पण मान फिरवून बसून राहिला.

"तुह्याच बाजूनं आहे मी," त्या म्हणाल्या. "माह्या खोट्या सहीवर उभं राह्यलेलं नाव तुले किती दिवस पुरन?"

काजलनं त्यांचं म्हणणं ऐकलं, तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं की खरी साक्ष आली तर दावा टिकणार नाही. उलट समोरचे नोंदणीच चुकीची आहे म्हणून ती रद्द करायला मागू शकतात आणि मग नाव दोघांच्याही हातून जायची भीती. दुसरी वाट एकच होती. दोन्ही घरांनी मिळून त्या नावाचे सहमालक व्हायचं.

पुढच्या शुक्रवारी धंतोलीतल्या तिच्या कार्यालयात सगळे बसले. सिंधूताई आणि अंकित उमरेडच्या एका वयस्कर वकिलांना सोबत घेऊन आले होते. बोलणं आधी वकिलांचं झालं, मग मुलांचं. धर्मेंद्रची शंका रास्त होती. मालक दोन झाले आणि एकाच्या पाकिटात काही वावगं निघालं, तर बट्टा दोघांना लागणार. त्याचा जाब कुणी द्यायचा? अंकित म्हणाला, तुझ्या पाकिटात बाहेरची मिरची असते, मग आमचं नाव त्यावर कसं चालेल? दोघांचे आवाज चढले. प्रेमिलाबाई मध्ये पडणार, तेवढ्यात ताराचंदराव उठले. बोलायला उभं राहायची गरज नव्हती, तरी ते उभे राहिले.

"बाबारावनं मले फॉर्मवर नाव लिहाले सांगतलं होतं," ते म्हणाले. "माह्यं म्हणून नाही. घरचं म्हणून. मी ते माह्यं करून घेतलं. तो होता तवा त्याले सांगाले पायजे होतं. आता सिंधूले सांगतो." भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी मान वर न करणाऱ्या सिंधूताई त्या दिवशी सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यात माफी होती की नुसतं ऐकलं एवढंच होतं, ते प्रेमिलाबाईंनाही सांगता आलं नसतं. ताराचंदराव खाली बसले तेव्हा अंकितनं उठून त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

त्यानंतर बोलणं कमी तापलं. ठरलं ते असं. 'दोन जावा' हे नाव फक्त भिवापुरी मिरचीवर लागेल, बी पाखडून केलेल्या तिखटावर, मग ते भिवापूरला दळलेलं असो की नागपुरात. मिसळीचं तिखट धर्मेंद्र दुसऱ्या नावानं विकेल. पाकिटावर चित्र जुनंच येईल, दोन वेगळ्या बायांचं. यात धर्मेंद्रचं नुकसान होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. एवढ्या थोड्या मालावर दुकानसाखळी थांबणार नाही, हे त्याला माहीत होतं. तो करार पुढं खरंच झाला नाही. कितीतरी महिने तो आईशी कामापुरतंच बोलत असे. पण त्या दिवशी त्यानं आडकाठी केली नाही. फक्त एवढंच विचारलं, माल बरोबर आहे की नाही हे ठरवणार कोण? अंकितनं प्रयोगशाळेचं नाव काढलं. काजल म्हणाली, प्रयोगशाळा रंग आणि भेसळ सांगेल, चव सांगणार नाही.

"आमी सांगू," सिंधूताई म्हणाल्या. बैठकीत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. "दर वर्षी दळण निघाच्या आधी बाईनं भिवापूरले याचं. आमी दोघी चाखू. दोघी हो म्हणू तवाच पाकीट भराचं."

धर्मेंद्र आणि अंकितनं एकमेकांकडे पाहिलं. हसावं की नाही हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं. उमरेडच्या वकिलांनी चष्म्यावरून काजलकडे पाहत विचारलं, करारात असं लिहिता येतं का? काजल म्हणाली, का नाही येणार, दर्जाची अटच आहे ती. तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि लिहीत लिहीत वाचत गेली. प्रत्येक हंगामात दळण सुरू होण्यापूर्वी, श्रीमती प्रेमिला ताराचंद ठवकर व श्रीमती सिंधू बाबाराव ठवकर या दोघींनी भिवापूर येथे प्रत्यक्ष एकत्र बसून नमुना चाखून संमती दिल्याशिवाय, कोणत्याही मालावर सदर नाव वापरता येणार नाही.

"एकत्र बसूनच ना?" सिंधूताईंनी खात्री करून घेतली. "इकडून पुडी पाठवली आन् तिकडून फोन केला, असं नाही चालणार."

"प्रत्यक्ष एकत्र बसून, असं लिहिलंय," काजल म्हणाली. मग तिची बोटं थांबली. तिनं जरा अडखळत विचारलं, "माफ करा, पण हे मला विचारावं लागतं. मुदत किती वर्षांची घालू? आणि पुढं... दोघींपैकी एक नसेल, तेव्हा काय करायचं?"

उन्नतीनं सासूकडे पाहिलं. ताराचंदराव हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले. सिंधूताईंनी टेबलाखाली प्रेमिलाबाईंचा हात धरला.

"मुदत नोको घालू," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आन् एक गेली, तं जे राहीन तिनं चाखाचं. पण दोनदा चाखाचं. एकदा आपल्या वाटचं, एकदा गेलेलीच्या वाटचं."

काजलनं मान खाली घातली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.